शेळ्यांच्या कडीची पिन

बाळाबाई कशाकशाला भ्यायची याची यादी तिचा नवरा केरबा आल्यागेल्या पावण्याला हौसेनं ऐकवायचा. पालीला भ्यायची. वीज कडाडली की चुलीपुढं जाऊन बसायची. इंजेक्शनला भ्यायची, लिफ्टला भ्यायची, एस.टी. वळणावर कलली की पुढच्या बाकाचा दांडा सोडायची नाही. गडहिंग्लजच्या बँकेत सही करतानासुद्धा तिचा हात असा कापायचा, की तिची सही तिच्याच सहीशी जुळायची नाही. "आणि हीच बया," केरबा शेवटाला मांडीवर थाप मारून सांगायचा, "रोज दुपारी बाँबच्या इमानात बसून भाकरी खाती!"

खरंच खायची.

गडहिंग्लजहून नेसरीकडं जाताना आडवाटेला बोरमाळ लागतं. गावाच्या डोक्यावर मैलभर सपाट माळ. मोठ्या लढाईच्या वेळी साहेबानं तिथं धावपट्टी केली, मग आपल्या फौजेनं पुष्कळ वर्षं तळ चालवला, आणि एक दिवस तळ उठला. छपरांचे पत्रे गेले, कुंपणाच्या तारा गेल्या, खिडक्यांच्या चौकटी गावातल्या घरांना बेमालूम बसल्या. उरलं ते एक बाँबफेकी विमान. नोकरीतून मोकळं केलेलं, सिमेंटच्या तीन चौथऱ्यांवर उभं केलेलं. समोर पाटी होती : 'विमानाला हात लावू नये.' एक हात त्या पाटीवर आणि दुसरा विमानावर ठेवून फोटो काढायचा, अशी गावाची रीत पडली होती.

अकरा वर्षांपूर्वी ग्रामपंचायतीनं भोवती बाग केली तेव्हा विमान आतून झाडायला माणूस हवं झालं. नाकाडाच्या उजव्या अंगाला एक लहानसं दार होतं. त्यातून आत शिरेल असा एकही पंचायत सदस्य निघाला नाही. दोघांनी प्रयत्न केला, पैकी एकाला मागं ओढून काढावं लागलं. बाळाबाई अंगानं काडी. ती सुर्रकन आत गेली आणि किल्ली तिच्याकडं आली.

विमानाला ती का भीत नव्हती, याचं तिच्यापुरतं उत्तर सोपं होतं. पाल हलते, वीज हलते, लिफ्ट हलते. हे काही हलत नव्हतं. आडव्या बसलेल्या म्हशीसारखं नुसतं पडून असायचं, आणि आत पंख्याशिवाय सावली मिळायची. वैमानिकाच्या खुर्चीत बसून ती भाकरी सोडायची, पिवळट काचेतून माळ बघायची, आणि वाटलंच तर जरा डोळा लावायची.

कामाला मात्र चोख. पहिल्याच वर्षी खंडेनवमी आली. त्या दिवशी गावात कोयता, कुदळ, ट्रॅक्टर, पिठाची चक्की, जे काही कामाचं ते सगळं धुऊन पुसून पुजतात. बाळाबाईनं विमान आतून धुतलं. खुर्चीच्या माथ्यावर, पाठीमागच्या बाजूला एक पोलादी पिन खोवलेली होती आणि तिला मळकं लाल फडकं बांधलेलं होतं. पूजेच्या दिवशी असलं फडकं बरं दिसत नाही म्हणून तिनं पिन उपसली आणि फडकं साबणात घातलं. ते साबणातच विरघळलं. पिन हाती राहिली. बोटभर लांब, डोक्याला कडी असलेली. टाकून द्यायला जीव होईना. घरी शेळ्यांनी गोठ्याची कडी नाकानं उचलायची विद्या नुकतीच मिळवली होती. पिन त्या कडीत बसली आणि शेळ्यांचं शिक्षण तिथं थांबलं.

पिन निघाली तिथं खुर्चीला भोक उघडं पडलं. ते ओकंबोकं दिसू नये म्हणून बाळाबाईनं त्यात हळदकुंकू भरलं. डोक्यावर एक पिवळा-काळा पट्ट्यांचा दांडा होता. सगळ्या विमानात नटलेली वस्तू म्हणाल तर तेवढीच. त्याला झेंडूची माळ बांधली, वाऱ्यानं सुटू नये म्हणून तारेनं. दर वर्षी नवी हळद, नवी माळ, नवी तार. फुलं गळून जायची. तार राहायची.

पुढं एक पोरगा सैन्यभरतीला जायच्या आदल्या दिवशी सहज त्या खुर्चीत बसला आणि भरती झाला. दुसरा बसला, तोही झाला. बसूनही न झालेल्यांची गोष्ट कुणी काढली नाही, आणि रीत पक्की झाली. भरतीला जायचं तर आदल्या दिवशी माळावर जायचं, बाळाबाईच्या हातानं गूळ घ्यायचा, खुर्चीत बसून मान मागं टेकायची, डोळे मिटून जोतिबाचं नाव घ्यायचं. पोरं तिला आत्ती म्हणायची. तिनं स्वतःच्या हातानं त्यांना त्या खुर्चीत बसवलं होतं.

यंदा मे महिन्यात तिची स्वतःची मुलगी प्रियदर्शनी हिचा पोलीस भरतीचा कॉल आला. मैदानी चाचणी कोल्हापुरात, उद्या सकाळी. पोरगी बी.ए. झालेली, रोज धावपट्टीवर पळणारी, कमरेपर्यंत वेणी आणि तिच्यापेक्षा लांब जीभ.

"आई, त्या खुर्चीत बसलं म्हंजे आठशे मीटरचं सातशे हुतंय व्हय?"

"हुंदे न हुंदे. गावची सगळी पोरं बसल्यात. माझीच न्हाय बसली तर लोक काय म्हंत्याल?"

"लोक म्हंत्याल, शिकली ती पोरगी."

एवढं बोलून ती दुपारी दोनला मुकाट माळावर आली. आईची भीती हा त्या घरात वादाचा विषय नव्हता. ती मीठमिरचीसारखी धरूनच चालायचं. सकाळी पळून आल्यावर पोरीनं वजनाच्या धास्तीनं एक लिंबूपाणी तेवढं घेतलं होतं. शिडीवरून ती आत गेली, खुर्चीत बसली, मान मागं टेकली, जोतिबाचं नाव घेतलं. बाळाबाई शिडीच्या तळाशी गुळाचा खडा घेऊन उभी.

"आई, येणी अडकली."

"कशात?"

"तुझ्या माळंच्या तारंत. डोस्क्यावर जंगल करून ठेवलंयस की." मग आतून ओढाताण, आणि काहीतरी बारीक 'कट्ट' वाजलं. "दांडा खाली आला बघ जरासा. दोन बोटं."

"जुनं हाय गं. वंगण घालाय पायजे," बाळाबाई म्हणाली.

तेवढ्यात धावपट्टीवरून सरपंच पिराजी यांची मोटरसायकल हॉर्न दाबूनच आली. पिराजी साठीला टेकलेले, पोटानं आणि आवाजानं सरपंच. एका हातात फोन, त्यावर कुणीतरी बोलत होतं.

"आत कोण न्हाय न्हवं?" ते लांबूनच ओरडले.

"दर्शी हाय की."

पिराजींनी स्टँड न लावताच गाडी सोडली. ती पडली. तिच्याकडं त्यांनी बघितलं नाही, तेव्हाच बाळाबाईनं ओळखलं की काहीतरी भलतंच आहे. कारण सरपंच त्या गाडीला पोटच्या पोरापेक्षा जपायचे.

फोनवर विजयसिंह सर होते. कोल्हापूरचे, विमानांच्या दुरुस्तीत नोकरी करून निवृत्त झालेले. विमानाला नवा रंग द्यायचा म्हणून पंचायतीनं त्यांचा सल्ला घेतला होता आणि ते आज बघायला निघालेच होते.

"बाई, नीट ऐका," ते म्हणाले. "ती खुर्ची साधी न्हाय. विमान पडाय लागलं की वैमानिकाला खुर्चीसकट वर उडवायला तिच्या पाठीमागं काडतूस असतंय. तोफेगत. विमान असं मांडून ठेवताना ते काढत्यात. ह्याचं काढल्याची नोंद मला कागदांत कुठंच मिळंना."

"मंजे?"

"म्हणजे असंल, नसंल. डोक्यावरचा पिवळा-काळा दांडा ओढला की उडतंय. त्याला कुणी हात लावायचा न्हाय."

बाळाबाईनं वर बघितलं. अकरा वर्षं जे जनावर निमूट बसून होतं, ते आता श्वास धरून बसल्यासारखं दिसलं. नाक, काच, पोट, सगळं तेच. पण ते हलत नव्हतं असं नाही. ते हलायचं थांबलं होतं. तिच्या हातातला गूळ घामानं चिकट झाला.

"तिची येणी त्या दांड्यात अडकलीया," ती म्हणाली. आपला आवाज तिला दुसऱ्या कुणाचा वाटला. "वडली बी तिनं. दांडा दोन बोटं खाली आलाय."

सर अगदी सावकाश बोलले. "घाबरू नका. एक सांगा. खुर्चीच्या माथ्याला मागल्या बाजूनं लाल फडक्याची पिन हाय? ती जागेवर असंल तर खुर्ची मेल्यात जमा. मग येणी खुशाल ओढू दे आणि उतरू दे पोरीला."

"हाय! हाय की!" पिराजींचा जीव भांड्यात पडला. "बागेच्या उद्घाटनाच्या फोटूत दिसतीया. ऑफिसात टांगलाय फोटू, रोज बघतोय मी. लाल फडकं, बरोब्बर!" आणि ते विमानाकडं वळून घसा ताणून ओरडले, "दर्शेऽ, भ्यायचं न्हाय! ओढ गं येणी, ओढ—"

सरपंचांसमोर डोक्यावरचा पदर कधी न ढळू देणारी बाळाबाई. तिनं पुढं होऊन आपला तळवा, गुळासकट, त्यांच्या तोंडावर दाबला.

"वडू नगंऽस!" ती किंचाळली. "दर्शने, हालू नगंस!"

मग ती फोनशी वाकली. त्या एका दमात तिला सगळं दिसलं. किल्ली जाणार, गावात तोंड दाखवायला जागा राहणार नाही, केरबा पावण्यांना सांगायला नवी गोष्ट मिळवणार. सगळं दिसलं आणि सगळं बारीक दिसलं.

"पिन न्हाय. म्या काढली. अकरा वर्सं झाली."

"कुठाय ती?"

"शेळ्यांच्या कडीला."

"कशाला?"

"गोठ्याच्या कडीला वो. शेळ्या कडी काढाय शिकल्याल्या."

विजयसिंहांची सगळी नोकरी विमानांत गेली होती, पण हे उत्तर त्यांना कुठल्या पुस्तकात शिकवलेलं नसावं. "मी तवंदी घाटात हाय," ते म्हणाले. "म्होरं ट्रक आडवा झालाय. तास तरी लागंल मला. पोरगी तेवढा वेळ न हालता बसंल?"

वरून प्रियदर्शनीचा आवाज आला. त्यात मघाची जीभ नव्हती. "आई, मला गरगराय लागलंय."

बंद काच, मेचं ऊन, पोटात लिंबूपाणी. मान पुढं पडली तर वेणी ओढली जाणार, वेणीसोबत दांडा.

"पिन मागवा," सर म्हणाले. "आणि तवर कुणीतरी आत जाऊन तिचं डोकं धरा. पडू द्यायचं न्हाय. आन् ऐका," ते थांबले. "उडालंच, तर खुर्चीत बसलेला बी जातोय आणि खुर्चीवर वाकलेला बी. हे सांगून ठेवायला पायजे मला."

पिराजींनी त्या लहानशा दाराकडं बघितलं, मग स्वतःच्या पोटाकडं. आयुष्यात पहिल्यांदा त्या पोटाबद्दल त्यांना कृतज्ञता वाटली असावी.

"मी जातो," बाळाबाई म्हणाली.

शिडीला आठ पायऱ्या होत्या. रोजच्या. तिसऱ्या पायरीवर तिनं शिडीला मिठी मारली. पत्रा तापून चटके बसत होते. पत्र्यातून टिक् टिक् आवाज येत होता. उन्हानं तापला की तो नेहमीच वाजायचा; रोज दुपारी त्याच आवाजावर तिचा डोळा लागायचा. आज प्रत्येक टिक् तिच्या दातांत वाजला. आपण परत उतरणार नाही असं तिला स्पष्ट वाटलं, आणि ती चौथ्या पायरीवर चढली.

आत खुर्चीच्या बगलेला गुडघे टेकण्याएवढी जागा. पोरीचा चेहरा पांढरा पडलेला, ओठ सुकलेले. वेणी मानेमागून वर ओढलेली आणि तारांच्या घरट्यात गुंतलेली, दांडा तिच्यावर ओठंगलेला. आपणच बांधलेल्या अकरा वर्षांच्या तारा बाळाबाईनं बघितल्या, आणि डोळे फिरवून पोरीच्या कपाळाला दोन्ही तळवे लावले.

"आई, तू कशाला आलीस? सगळं ऐकलंय म्या. तू उतर."

"गप."

"तुझं हात कापाय लागल्यात. माझं डोस्कं हलतंय त्येनं."

बाळाबाईनं कोपर खुर्चीच्या कडेला टेकून हात आवळले. कापणं कमी झालं, थांबलं नाही.

खाली पिराजींनी सरांना होल्डवर ठेवून केरबाला फोन लावला होता. स्पीकर चालू असल्यानं सगळं वर ऐकू येत होतं.

"केरबा, शेळ्यांच्या कडीची पिन घेऊन माळावर ये. पळत."

"पिन? आन् मग शेळ्या सुटत्याल की!"

पिराजींनी शेळ्यांबद्दल आणि केरबाच्या मागल्या दोन पिढ्यांबद्दल जे सांगितलं, त्यानंतर पलीकडून नुसता त्याची एम-एटी गाडी सुरू झाल्याचा आवाज आला.

दहा मिनिटं लागली. दहा मिनिटं बाळाबाई पोरीचं डोकं धरून राहिली. घाम कोपरापर्यंत ओघळून खुर्चीवर टपटपत होता. एकदा पोरीची मान जड झाली, तिनं गालावर फुंकर घातली, नाव घेऊन हाका मारल्या.

"बोल. कायतरी बोल दर्शने. गप बसू नगंस."

"काय बोलू?"

"मला बोल. रोज बोलतीस की."

"तू," पोरगी अडखळत म्हणाली, "पालीला भितीस, आन् हितं..." आणि तिला हुंदका आला. हुंदक्यानं खांदे हलले, खांद्यांनी वेणी. दांडा कुरकुरला. दोघीही दगड झाल्या.

केरबा आला तो शिडी चढून दारातून एक हात आत घालून. हातात पिन. त्याचा चेहरा दिसत नव्हता, नुसता हात.

"बाळा," तो म्हणाला. लग्नानंतर इतक्या वर्षांत त्यानं तिला असं नावानं कधी हाक मारली नव्हती.

"एका हातानं डोकं धरा, एका हातानं पिन भोकात सरकवा," खाली फोन सांगत होता. "ठोकायचं न्हाय. दाबायचं न्हाय. हळू."

"हळूऽऽऽ!" पिराजींनी सगळ्या माळाला ऐकू जाईल असा पुकारा केला. मग फोनवर खरखर झाली आणि घाटातला आवाज तुटला तो तुटलाच.

बाळाबाईला बघायची गरज नव्हती. रोज फडकं फिरवून त्या खुर्चीचा प्रत्येक उंचवटा तिच्या बोटांना ठाऊक होता. बोट बरोबर भोकावर गेलं. तिनं पिनेचं टोक लावलं, आणि ते थांबलं. आत जाईना. भोक बुजलेलं होतं. अकरा वर्षांची हळद, अकरा वर्षांचं कुंकू, वरून दर खंडेनवमीचं दोन थेंब तेल. सगळं आत दगडासारखं बसलं होतं, आणि तिनंच ते बोटानं दाबून दाबून भरलं होतं.

तिला ओरडावंसं वाटलं.

खुर्चीसमोरच्या काट्यांच्या मीटरांच्या फटीतली धूळ काढायला ती खराट्याच्या चार काड्या खुर्चीच्या बाजूला खोवून ठेवायची. हात चाचपत तिथं गेला. डावा तळवा पोरीच्या कपाळावर, उजव्या हातात काडी. तिनं कोरायला सुरुवात केली. ठोकायचं नाही, दाबायचं नाही; कानातला मळ काढावा तशी. एक काडी मोडली. दुसरीनं पिवळी पूड सुटू लागली, भुरभुरत खाली, पोरीच्या केसांत, पापण्यांवर, नाकावर.

"आई," प्रियदर्शनी दात आवळून म्हणाली. "शिंक."

"न्हाय."

"येतीया."

बाळाबाईनं काडी दातांत धरली आणि चिमटीत पोरीचं नाक पकडलं. पोरीचे डोळे पाण्यानं भरले, छाती वर आली, तशीच राहिली. बाहेर टिटवी ओरडत होती. पत्रा वाजला, टिक्. छाती हळूहळू खाली गेली.

"गेली?"

पोरीनं डोळ्यांनीच हो म्हटलं.

तिसरी काडी आरपार गेली. बाळाबाईनं फुंकर मारली, पिन लावली, अंगठ्यानं सरकवली. अर्ध्यावर अडली. तिनं ती बाहेर काढली, पदराला पुसली, जोतिबाला काहीही न सांगता पुन्हा लावली. नवस बोलत बसलं तर हात थांबेल, एवढंच तिला कळत होतं. पिन गेली. कडी खुर्चीच्या पत्र्याला टेकली.

"बसली," ती म्हणाली.

ते ऐकायलाच थांबल्यासारखी पोरगी सैल पडली. मान बाळाबाईच्या घामट तळव्यातून निसटली आणि धाडदिशी पुढं गेली. वेणी ताणली गेली, तारा ताणल्या गेल्या, दांडा खट्दिशी खाली आला. बाळाबाई पोरीवर आडवी पडली, डोळे मिटून, दोन्ही हातांनी तिला कवळून. जसं काही तेवढ्यानं ती तिला जमिनीवर धरून ठेवणार होती.

काही झालं नाही.

पत्रा वाजला, टिक्. खाली पिराजींनी विचारलं, "काय झालं?" पुन्हा टिक्.

केरबाच्या कमरेचा विळा आत आला. बाळाबाईनं वेणी कापली, खालून वरून काही न बघता, गवत कापावं तशी. पोरीला दोघांनी मिळून दारातून बाहेर घेतलं, बागेतल्या पाण्याच्या पाईपाखाली बसवलं. पाणी डोक्यावर पडल्यावर तिनं डोळे उघडले, मानेवर हात फिरवला आणि पहिलं वाक्य बोलली : "हे काय शेळीनं खाल्ल्यागत कापलंयस?" केरबा हसायला गेला आणि त्याला रडू फुटलं.

विजयसिंह सर पाऊण तासानं आले. शिडीवर चढून त्यांनी दारातून बॅटरी आत घातली, खुर्चीच्या पाठीमागं बराच वेळ बघितलं. खाली उतरले. रुमालानं तोंड पुसलं. पाणी मागितलं, प्याले.

"काय वो सर?" पिराजींनी विचारलं. "हुतं का?"

"हुतं," सर म्हणाले. आणखी एक घोट घेतला. "कुणी चढू नका आता. माणसं बोलवून घेतो मी."

बाळाबाईनं ते ऐकलं आणि चौथऱ्याच्या सावलीतून उठून उन्हात जाऊन उभी राहिली. तिथून तिला कुणी हलवू शकलं नाही. किल्ली तिनं कमरेची सोडून पिराजींपुढं धरली. पिराजींनी ती घेतली नाही. सरपंच असल्यानं त्यांना आधी लेखी खुलासा हवा होता. तो प्रियदर्शनीनं संध्याकाळी टॉवेल गुंडाळलेल्या डोक्यानं आईच्या नावे लिहून दिला. विषय : हळदीकुंकवाने भोक बुजल्याबाबत. पिराजींनी तो दोनदा वाचला, सहीवर बोट ठेवलं. सही नेहमीसारखीच कशाशी न जुळणारी. "असू दे," ते म्हणाले आणि कागद घडी घालून खिशात ठेवला.

प्रियदर्शनी भरतीला जाणार नाही असं बाळाबाई धरून चालली होती. पोरगी रात्रभर मीठसाखरेचं पाणी पिऊन पहाटे तयार. "आठशे मीटरच हाय," ती म्हणाली. "त्यात काडतूस न्हाय."

कोल्हापुरात मैदानाच्या भिंतीबाहेर चहाच्या गाड्यापाशी बाळाबाई बसली. फोन आत नेता येत नव्हता, म्हणून पोरीनं आपला तिच्याकडं दिला होता. भरती झालेल्या पोरांचा एक ग्रुप त्यात होता. कालची बातमी तिथं रात्रीच पोचली होती आणि चेष्टेचा पूर आला होता. बाळाबाईला वाचायचं नव्हतं. तिनं पहिल्या नावावर बोट दाबलं आणि फोन कानाला लावला.

"आत्ती! आमाला बाँबवर बसवून फौजेत धाडलंस व्हय गं!"

"बरा हायस न्हवं?"

"बराच हाय की. का?"

"काय न्हाय." ठेवला. दुसरं नाव.

एकेकाला त्या खुर्चीत बसवताना तिनं काय केलं होतं, ते तिला आठवत होतं. कुणाचं डोकं मागं टेकवून दिलं होतं. उंच पोराचं डोकं दांड्याला थटत होतं म्हणून दांडा हातानं बाजूला सारला होता. एकानं गंमत म्हणून दांड्याला लोंबकळून दाखवायला घेतलं होतं आणि ती म्हणाली होती, "माळ तुटंल रं माझी." माळेसाठी थांबवलं होतं त्याला. हे आठवल्यावर तिला चहा खाली ठेवावा लागला.

आठ वाजून गेले तेव्हा प्रियदर्शनी फाटकातून बाहेर आली. छातीवर नंबर, केस एका अंगाला आखूड. आठशे मीटर वेळेत झालं होतं, गोळा जरा कमी पडला होता. आईशेजारी बसून तिनं तिचा गार चहा पिऊन टाकला.

"किती झालं फोन?"

"एकवीस."

"अगं, सगळी जिती हायत आई. रोज दाढ्या करून स्टेटस टाकत्यात."

"म्हायती हाय मला," बाळाबाई म्हणाली आणि पुढचं नाव दाबलं. ऋतुराज. त्याचा फोन पुष्कळ वेळ वाजला. उचलला तेव्हा पलीकडं वारं होतं, लांबचं, थंड मुलखातलं.

"आत्ती? काय झालं? घरी सगळी बरी हायत न्हवं?"

"बरी हायत. तू उतरलास न्हवं रं?"

"कुठनं?"

"खुर्चीतनं."

तो हसला, मग हसायचा थांबला. "सात वर्सं झाली की आत्ती उतरून."

"व्हय रं बाबा," बाळाबाई म्हणाली. "खरं तुझ्या तोंडनं ऐकायचं हुतं."